इलेक्ट्रॉनांचे ध्रुवण मोजताना ज्या आकड्याने भागायचे, तो आकडा आणायचा कुठून?

अर्धपूर्णांक (मूळ प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी ध्रुवित इलेक्ट्रॉनांच्या, म्हणजे ज्यांचे स्पिन (अंगभूत फिरकी) बहुतांशी एकाच दिशेत लागलेले असतात अशा इलेक्ट्रॉनांच्या, एका छोट्या स्रोतावर काम करते आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या ताणयुक्त सुपरलॅटिस कॅथोडवर सुमारे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा वर्तुळध्रुवित प्रकाश पडतो, बाहेर आलेले इलेक्ट्रॉन १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत वेग घेतात, आणि पॉकेल्स सेलवरचा (व्होल्टेजने प्रकाशाचे ध्रुवण बदलणाऱ्या स्फटिकावरचा) व्होल्टेज उलटला की प्रकाशाचे, व त्याबरोबर इलेक्ट्रॉनांचे, ध्रुवण उलटते. कॅथोडमधून निघताना स्पिन गतीच्या दिशेतच असतो आणि मॉट प्रकीर्णनाला, म्हणजे जड अणूंवरून इलेक्ट्रॉन उसळवून स्पिन ओळखण्याच्या पद्धतीला, तर फक्त आडवा स्पिन दिसतो. म्हणून आडव्या नळीतून येणारी शलाका आम्ही विद्युत् पट्ट्यांच्या साहाय्याने ९० अंशांत खाली वळवतो, म्हणजे गती वळते आणि स्पिन मूळ दिशेतच राहतो. त्यानंतर शलाका सोन्याच्या वर्खावर आदळते आणि १२० अंशांत मागे उसळलेले इलेक्ट्रॉन चार डिटेक्टर मोजतात. त्यांपैकी एक जोडी वळणाच्या प्रतलात आहे आणि दुसरी त्या प्रतलाला लंब आहे.

लंब जोडीच्या एका मापनातील आकडे देते. प्रकाशाची एक स्थिती असताना डाव्या डिटेक्टरमध्ये ६१,००० आणि उजव्यात ४३,६८० नोंदी आल्या. स्थिती उलटल्यावर डावीकडे ३८,२२० आणि उजवीकडे ६६,९५० आल्या. पहिल्या स्थितीची असममिती (डाव्या-उजव्या नोंदींतील फरक भागिले त्यांची बेरीज) काढली तर १६.५ टक्के येते, दुसऱ्या स्थितीची उणे २७.३ टक्के येते, आणि या दोन आकड्यांतील तफावत पाहून मी प्रथम घाबरलेच. नंतर कळले की उजवा डिटेक्टर थोडा अधिक मोजतो. चारही आकड्यांचा तिरका गुणोत्तर-वर्गमूळ प्रकार वापरला तेव्हा असममिती ०.२२० आली आणि सांख्यिकीय त्रुटी सुमारे ०.००२ इतकीच राहिली.

माझी खरी अडचण यापुढे सुरू होते. ध्रुवण काढायचे म्हणजे या ०.२२० ला शर्मन फलनाने, म्हणजे पूर्ण ध्रुवित शलाकेला जी असममिती दिसेल त्या आकड्याने, भागायचे. सोन्यासाठी, १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला आणि १२० अंशांना त्याचे मूल्य चिन्ह सोडून साधारण ०.४० धरतात. भागाकार केला की ध्रुवण ५५ टक्के येते. या प्रकारच्या कॅथोडकडून ८० ते ९० टक्क्यांची अपेक्षा असते. नोंदी दोन लाखांहून अधिक आहेत, सांख्यिकीय त्रुटी एका टक्क्याच्या आसपास आहे, तरी उत्तर एक तृतीयांशाने कमी पडते. कॅथोड खराब झाला असे मानायला मन तयार होत नाही, कारण प्रकाशाला त्याचा प्रतिसाद उत्तम आहे. ज्या आकड्याने मी भागते तोच चुकीचा आहे का? आणि तसे असेल, तर योग्य आकडा कळावा कसा? ध्रुवण माहीत असल्याशिवाय तो आकडा मोजता येत नाही आणि तो आकडा माहीत असल्याशिवाय ध्रुवण कळत नाही, असे हे चक्र मला दिसते.

स्थिरांक

आपण चारही आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण त्यांवरून निम्मा प्रश्न लगेच सुटतो. मी आपले गणित पुन्हा करून पाहिले. डावी पहिली नोंद गुणिले उजवी दुसरी नोंद, भागिले डावी दुसरी गुणिले उजवी पहिली, हे गुणोत्तर २.४४६ येते, त्याचे वर्गमूळ १.५६४, आणि त्यातून असममिती ०.२२० हीच मिळते. या पद्धतीत दोन्ही डिटेक्टरांच्या कार्यक्षमता आणि दोन्ही स्थितींतील शलाकेचे प्रवाह गुणाकार-भागाकारात पूर्णपणे छाटले जातात, म्हणून उजवा डिटेक्टर बारा टक्के अधिक मोजत असला तरी काही बिघडत नाही. अंश बरोबर आहे, तेव्हा शोध छेदातच घ्यायला हवा.

०.४० हे मूल्य एका एकट्या सुवर्ण-अणूसाठी काढलेले आहे, आणि आपला इलेक्ट्रॉन एकट्या अणूला भेटलेला नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट आहे. मॉट यांनी १९२९ साली दाखवले की जड अणुकेंद्राच्या तीव्र विद्युत् क्षेत्रातून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला स्वतःच्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि त्याच्या स्पिनप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे उसळण्याची शक्यता बदलते. हा परिणाम मोठ्या कोनातल्या एकाच धडकेत मोठा असतो. वर्ख जाड असला की मागे आलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी बरेचसे दोन मध्यम धडका घेऊन, किंवा आधी थोडे वाकून मग उसळून, त्याच १२० अंशांच्या दिशेत पोहोचतात. अशा इलेक्ट्रॉनांमध्ये डाव्या-उजव्याचा भेद जवळजवळ उरत नाही, मात्र डिटेक्टर त्यांनाही तितक्याच इमानाने मोजतो. नोंदी वाढतात आणि असममिती पातळ होत जाते.

हे दुखणे या विषयाइतकेच जुने आहे. मॉट यांच्या भाकितानंतर तब्बल चौदा वर्षे ते प्रयोगात नीट दिसले नव्हते, आणि १९४३ साली शल, चेस आणि मायर्स यांनी दोनदा प्रकीर्णन घडवून ते दाखवले. पहिल्या धडकेत ध्रुवण निर्माण करायचे आणि दुसऱ्या धडकेत ते ओळखायचे, अशी ती मांडणी होती. मोकळ्या इलेक्ट्रॉनांसाठी श्टेर्न–गेरलाख पद्धत का वापरत नाहीत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी नवे विद्यार्थी तो हमखास विचारतात म्हणून सांगतो. इलेक्ट्रॉनावर विद्युत्भार असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात त्यावर लॉरेंट्झ बल काम करते, आणि शलाकेच्या रुंदीमुळे व अनिश्चितता तत्त्वामुळे त्या बलात जी धूसरता येते ती स्पिनमुळे होणारे विभाजन झाकून टाकते. बोर यांनी हा युक्तिवाद मांडला होता. त्यामुळे इलेक्ट्रॉनाचा स्पिन ओळखायला प्रकीर्णनाचाच आधार घ्यावा लागतो.

आता आपल्या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग. एकाच स्रोतातून, एकाच दिवशी, वेगवेगळ्या जाडीच्या वर्खांवर असममिती मोजा. ध्रुवण तेच राहते, बदलतो तो फक्त वर्खाचा परिणाम, आणि जाडी शून्याकडे नेली की एका अणूची असममिती मिळते. तिला ०.४० ने भागण्याचा मग आपल्याला अधिकार आहे. आपण बहुधा सर्वांत जाड वर्ख घेतला असावा, कारण त्यात नोंदी भराभर जमतात. तसे करण्याचा मोह मलाही एकेकाळी आवरला नव्हता आणि त्यापायी माझे काही आठवडे गेले.

आणखी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. डिटेक्टरच्या ऊर्जा-वर्णपटात लवचीक प्रकीर्णनाचे शिखर आणि त्याच्या डावीकडे पसरलेले शेपूट, दोन्ही दिसत असतील. शेपटातले इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून, म्हणजे बहुधा अनेक धडका घेऊन आलेले असतात, म्हणून मोजणीची खालची मर्यादा शिखराच्या जवळ आणली की असममिती वाढलेली दिसेल. दुसरे म्हणजे वळणाच्या प्रतलातल्या डिटेक्टर-जोडीची असममिती शून्य यायला हवी, कारण त्या जोडीला जो स्पिन दिसू शकतो तो आपल्या शलाकेत नाहीच. ती शून्य आली नाही, तर शलाका वर्खावर मध्यभागी पडत नाही किंवा ध्रुवण उलटताना तिची जागा सरकते, असे समजावे.

अर्धपूर्णांक

स्थिरांक, आपले मनापासून आभार. तो वर्ख खरोखरच सर्वांत जाड, ३५० नॅनोमीटरचा होता. चाकावर आणखी तीन वर्ख बसवलेले असूनही मी ते वापरलेच नव्हते. गेल्या तीन दिवसांत चारही मोजले. ५० नॅनोमीटरला असममिती ०.३०५ आली, १०० ला ०.२८७, २०० ला ०.२५६ आणि ३५० ला पूर्वीचीच ०.२२०. वळणाच्या प्रतलातल्या जोडीने ०.००१ अधिक-उणे ०.००२ असे उत्तर दिले, त्यामुळे त्या बाजूने काळजी मिटली.

शून्य जाडीकडे जाताना मात्र मी पुन्हा अडखळले. चारही बिंदूंतून सरळ रेषा काढली तर ती शून्य जाडीला ०.३१६ वर पोहोचते. असममितीचा व्यस्त घेऊन तो जाडीसमोर मांडला तर चारही बिंदू जवळजवळ एका रेषेत बसतात आणि उत्तर ०.३२६ येते. या दोघांत तीन टक्क्यांचा फरक आहे. मी दुसरे उत्तर निवडले, कारण पहिल्या आलेखात मधले दोन बिंदू रेषेच्या खाली आणि टोकांचे दोन वर राहतात, म्हणजे वक्रता उघड दिसते. ०.३२६ ला ०.४० ने भागल्यावर ध्रुवण ८१.५ टक्के आले. ५५ वरून ८१.५ वर येणे ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, पण निवडलेल्या वक्राच्या आकारावर उत्तर अवलंबून राहते हे मनाला टोचते.

कणरेषा

दोघांचीही मांडणी लक्षपूर्वक वाचली. व्यस्ताची निवड योग्य आहे, आणि त्यामागे केवळ सोय नाही. एकदा उसळलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या जाडीच्या प्रमाणात वाढते आणि दोनदा उसळलेल्यांची साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. पहिल्यांत असममिती आहे आणि दुसऱ्यांत फारशी नाही असे मानले, तर एकूण असममिती म्हणजे मूळ असममिती भागिले (एक अधिक, एक स्थिर गुणक गुणिले जाडी), असेच रूप निघते. तरीही दोन रूपांतील फरकाचा काही भाग त्रुटीत धरणे प्रामाणिकपणाचे होईल, आणि दीड टक्का मला वाजवी वाटतो. आणखी पातळ वर्ख मिळाला तर तो भाग आपोआप कमी होईल.

माझे लक्ष मात्र मूळ प्रश्नातल्या एका वाक्यावर अडकले आहे. आपण लिहिले आहे की विद्युत् पट्ट्यांमध्ये गती वळते आणि स्पिन मूळ दिशेतच राहतो. मंदगती इलेक्ट्रॉनांसाठी हे खरे आहे, पण १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन मंदगती नव्हे. त्याची स्थिर ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने सापेक्षतेचा गॅमा गुणक १.१९६ येतो. विद्युत् क्षेत्रात वळताना स्पिन आणि गती यांच्यातला कोन वळणाच्या कोनाएवढा वाढत नाही, तर वळणाचा कोन भागिले गॅमा एवढाच वाढतो. म्हणजे आपल्या ९० अंशांच्या वळणानंतर स्पिन गतीला लंब नाही, तो ७५.३ अंशांवर थांबला आहे. उरलेले पावणेपंधरा अंश त्याने गतीच्या मागोमाग स्वतःच वळून घेतले. त्यामुळे वर्खाला दिसणारा आडवा भाग पूर्ण ध्रुवणाचा ०.९६७ पट आहे. स्पिन अगदी काटकोनात हवा असेल तर १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला वळण १०७.७ अंशांचे ठेवावे लागते. जुन्या ध्रुवित स्रोतांच्या आराखड्यांत हा विचित्र दिसणारा १०७.७ अंशांचा कोन आढळतो तो याचमुळे. जिथे शलाकेची दिशा न बदलता स्पिन फिरवायचा असतो, तिथे विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना छेदून ठेवणारा वीन फिल्टर वापरतात, आणि त्यात स्पिनचा कोन हवा तसा निवडता येतो.

हा गुणक आपल्या उत्तरात घेऊन पाहा. वळणाच्या प्रतलातली जोडी हा फरक पकडू शकणार नाही, कारण कमी पडलेला भाग गतीच्या दिशेत गेलेला आहे आणि त्या दिशेतला स्पिन मॉट प्रकीर्णनाच्या कोणत्याच डिटेक्टरला दिसत नाही.

गतीसापेक्ष स्पिन असा फिरतो यावर विश्वास बसायला एक सुंदर उदाहरण आहे. १९७८ साली स्टॅनफर्डच्या रेखीय वेगवर्धकावर ध्रुवित इलेक्ट्रॉन ड्यूटेरियमवर सोडून दुर्बल आंतरक्रियेतला डाव्या-उजव्याचा भेद दाखवला गेला. मोजायची असममिती दहा हजारांत एक या पातळीची होती आणि शलाकेचे ध्रुवण केवळ सुमारे ३७ टक्के होते, कारण त्या काळच्या साध्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये ५० टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादाच होती. एवढी लहान असममिती खरी कशावरून, हे पटवायला त्यांनी स्पिनच्या परांचनाचाच (क्षेत्रात स्पिनची दिशा फिरत जाण्याचाच) साक्षीदार म्हणून उपयोग केला. वेगवर्धकातून लक्ष्याकडे जाताना शलाका चुंबकांमधून २४.५ अंश वळत असे. चुंबकीय क्षेत्रात स्पिन गतीपेक्षा अधिक फिरतो, कारण इलेक्ट्रॉनाचा जी गुणक (स्पिन आणि चुंबकत्व यांची सांगड घालणारा आकडा) दोनपेक्षा ०.००२३ ने मोठा आहे, आणि हा जादा कोन ऊर्जेच्या प्रमाणात वाढतो. त्या वळणात शलाकेची ऊर्जा ३.२४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टने बदलली की लक्ष्यावरचा स्पिन बरोबर उलटतो. ऊर्जा बदलत नेली तेव्हा मोजलेली असममितीही त्याच तालावर चिन्ह बदलत गेली. प्रकाश उलटल्यामुळे शलाका सरकत असती किंवा प्रवाह बदलत असता, तर त्या खोट्या असममितीला हा ताल माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

अर्धपूर्णांक

कणरेषा, हे मला कुणीही सांगितले नव्हते आणि मी स्वतःही पडताळले नव्हते. ८१.५ ला ०.९६७ ने भागल्यावर ध्रुवण ८४.३ टक्के येते. शून्य जाडीकडे जाण्यातली दीड टक्क्याची त्रुटी आणि शर्मन फलनाच्या गणितातली साधारण तेवढीच अनिश्चितता एकत्र धरून मी सध्या ०.८४ अधिक-उणे ०.०२ असे लिहून ठेवले आहे.

यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. माझ्याकडे निदान पातळ वर्ख आहेत आणि ऊर्जा कमी आहे. जिथे इलेक्ट्रॉन गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असतात तिथे छेदातला आकडा कसा ठरवतात? मॉट प्रकीर्णन तर त्या ऊर्जेला उपयोगी नसावे, कारण मोठ्या कोनात मागे उसळण्याची शक्यताच फार घटत असेल.

दुसरे प्रकीर्णन

आपला तर्क बरोबर आहे. उच्च ऊर्जेला अणुकेंद्राऐवजी दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचा किंवा प्रकाशकणाचा आधार घेतात, आणि त्यात मोठा लाभ असा की विश्लेषण क्षमता, म्हणजे छेदातला तो आकडा, क्वांटम विद्युत्गतिकीतून थेट गणिताने काढता येते, जड अणूच्या इलेक्ट्रॉन-आवरणाचे गणित आड येत नाही.

इलेक्ट्रॉनावर इलेक्ट्रॉन आदळवण्याच्या पद्धतीला म्यलर मापन म्हणतात. दोन्ही इलेक्ट्रॉन ऊर्जा अर्धी-अर्धी वाटून बाहेर पडतात त्या स्थितीत विश्लेषण क्षमता नेमकी सात नवमांश असते. हा अपूर्णांक इतका नीटनेटका आहे की प्रथम पाहताना मापन सोपे वाटते. अडचण लक्ष्यात आहे. ध्रुवित इलेक्ट्रॉनांचे लक्ष्य म्हणून चुंबकित लोखंडाचा पातळ वर्ख वापरतात, आणि लोखंडाच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी जेमतेम दोनांचेच स्पिन एका दिशेत लागतात, म्हणून लक्ष्याचे ध्रुवण सुमारे ८ टक्केच मिळते. आपल्या ८४ टक्क्यांच्या शलाकेलाही त्यातून साधारण ५ टक्क्यांची असममिती दिसेल. म्हणजे आता छेदातला अनिश्चित आकडा लोखंडाच्या चुंबकनात शिरला. वर्ख शलाकेने तापला की चुंबकन घटते, म्हणून प्रवाह कमी ठेवून मोजावे लागते आणि वर्खाला लंब दिशेत ३ ते ४ टेस्लाचे क्षेत्र देऊन चुंबकन पूर्ण संपृक्त करतात. याखेरीज लोखंडाच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन स्थिर नसतात. त्यांच्या स्वतःच्या संवेगामुळे उसळलेल्या इलेक्ट्रॉनांचा कोन थोडा पसरतो, आणि आतले इलेक्ट्रॉन ध्रुवित नसल्याने डिटेक्टरच्या खिडकीतून ध्रुवित आणि अध्रुवित यांचे प्रमाण बदलते. लेव्चुक यांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिले, आणि त्यापूर्वीच्या मापनांकडे पुन्हा पाहावे लागले.

कॉम्प्टन पद्धतीत लेसरचा वर्तुळध्रुवित प्रकाश शलाकेवर समोरून सोडतात. लक्ष्याचे ध्रुवण म्हणजे प्रकाशाचे ध्रुवण, आणि ते जवळजवळ १०० टक्के असून प्रकाशिकीच्या साध्या उपकरणांनी तपासता येते. शलाकेला धक्काही लागत नाही, म्हणून मुख्य प्रयोग चालू असतानाच मापन सुरू राहते. मात्र असममिती ऊर्जेबरोबर वाढते. हिरव्या प्रकाशासह १ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ती काही टक्केच असते. स्टॅनफर्डच्या रेखीय टकरावणीयंत्रात ४५.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला ती मोठी होती, आणि तिथे शलाकेचे सुमारे ७५ टक्के ध्रुवण अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेपर्यंत कळले होते.

आतापर्यंत आपण सगळे भागायचा आकडा अचूक कसा करावा याचाच विचार करत आहोत. मला स्वतःला ज्या प्रयोगाबद्दल सर्वाधिक ममत्व आहे, त्यात तो आकडा लागतच नाही, आणि तो इथे सांगावासा वाटतो.

प्रोटॉनमधला विद्युत्भार आणि चुंबकत्व कसे पसरले आहे हे त्याच्या विद्युत् आणि चुंबकीय रूपगुणकांवरून कळते. जुन्या पद्धतीत एकाच संवेग-हस्तांतरणाला (इलेक्ट्रॉनाने प्रोटॉनाला दिलेल्या संवेगाला) वेगवेगळ्या कोनांत नोंदी मोजून हे दोन भाग वेगळे करत. संवेग-हस्तांतरण वाढले की चुंबकीय भाग विद्युत् भागाला गिळून टाकतो आणि विद्युत् भाग काढायचा म्हणजे दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करावी लागते. खारकीवमधील अखीझेर आणि रेकालो यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत दुसरा मार्ग सुचवला. शलाका ध्रुवित ठेवा, आणि धक्का खाऊन बाहेर पडलेल्या प्रोटॉनाचे ध्रुवण मोजा. त्याच्या गतीच्या दिशेतला भाग आणि प्रकीर्णनाच्या प्रतलातला आडवा भाग, या दोघांचे गुणोत्तर थेट विद्युत् आणि चुंबकीय रूपगुणकांच्या गुणोत्तराशी जोडलेले आहे. मध्ये येतात ते फक्त इलेक्ट्रॉनाच्या आधीच्या व नंतरच्या ऊर्जांची बेरीज, प्रोटॉनचे वस्तुमान आणि इलेक्ट्रॉनाच्या अर्ध्या कोनाचा टॅन, आणि हे सर्व आकडे माहीतच असतात.

प्रोटॉनाचा स्पिन ओळखायला त्याला कार्बनच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाड ठोकळ्यातून जाऊ देतात. तिथे प्रबळ बलामुळे दुसरे प्रकीर्णन होते आणि प्रोटॉन स्पिनप्रमाणे एका बाजूला अधिक उसळतात. त्या ठोकळ्याची विश्लेषण क्षमता नीट माहीत नसते, आणि शलाकेचे ध्रुवणही एखाद्या टक्क्याने चुकलेले असू शकते. मात्र दोन्ही भाग एकाच ठोकळ्यात, एकाच वेळी, एकाच शलाकेतून मोजले जातात, म्हणून गुणोत्तर घेताना दोन्ही आकडे वर-खाली छाटले जातात. शलाकेची हेलिसिटी (स्पिन गतीच्या दिशेत की उलट, हे चिन्ह) उलटली की दोन्ही भाग एकदम उलटतात, आणि जे उलटत नाही ते यंत्राचे दोष म्हणून वगळता येते.

जेफरसन प्रयोगशाळेत हे मोजले गेले आणि २००० व २००२ साली निकाल प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीने, प्रोटॉनाच्या चुंबकीय आघूर्णाने गुणलेले हे गुणोत्तर एकाच्या आसपास स्थिर राहते असे दिसत होते. नव्या पद्धतीने ते सतत घटत गेले, आणि संवेग-हस्तांतरणाचा वर्ग ५.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर्ग असताना एक तृतीयांशाच्याही खाली उतरले. एकाच प्रोटॉनाबद्दल दोन पद्धतींनी इतकी वेगळी उत्तरे द्यावीत, हे त्या वेळी फार अस्वस्थ करणारे होते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यात एकाऐवजी दोन प्रकाशकणांची होणारी देवाणघेवाण जुन्या पद्धतीत हिशेबात नीट धरलेली नव्हती, हे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. ही दुरुस्ती नोंदींच्या संख्येत काही टक्क्यांची आहे, पण काही टक्क्यांच्या वजाबाकीतूनच विद्युत् भाग काढायचा असल्याने तिथे ती उत्तर पालटून टाकते. ध्रुवणाच्या गुणोत्तरावर तिचा परिणाम फार कमी होतो.

स्थिरांक

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते, कारण विश्लेषण क्षमता छाटली गेली म्हणजे सर्व काळजी मिटली असा समज होऊ शकतो. प्रोटॉन लक्ष्यातून निघून ठोकळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत वर्णपटमापकाच्या चुंबकांतून जातो, आणि तिथे त्याचा स्पिन जोरात फिरतो. इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत जादा परांचनाचा गुणक ०.००११६ होता (जी गुणकातल्या ०.००२३ या जादा भागाचा निम्मा). प्रोटॉनासाठी तो १.७९ आहे. चुंबक वर वळवणारा असेल तर गतीच्या दिशेतला भाग फिरून वरच्या दिशेला आला तरच ठोकळ्याला तो दिसतो. वळण ४५ अंशांचे असताना प्रोटॉनाचा संवेग सुमारे १.८७ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट झाला की परांचन बरोबर १८० अंश होते, गतीच्या दिशेतला भाग उलटून पुन्हा गतीच्याच दिशेत येतो आणि मापनातून नाहीसा होतो. संवेग-हस्तांतरणाच्या वर्गाच्या भाषेत ही जागा २.२ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर्गाच्या आसपास येते आणि तिथे सांख्यिकीय त्रुटी कितीही नोंदी घेतल्या तरी फुगते. म्हणून अशा प्रयोगात सर्वांत जास्त कष्ट चुंबकांचे क्षेत्र आणि प्रत्येक प्रोटॉनाचा वळणाचा कोन अचूक जाणण्यावर खर्च होतात. अर्धपूर्णांक यांच्या ९० अंशांच्या वळणात जे झाले, तेच इथे कितीतरी मोठ्या प्रमाणात होते.

अर्धपूर्णांक

आपणा तिघांच्या उत्तरांनंतर मी वळणाचा कोन बदलता येतो का ते पाहिले. पट्ट्या पक्क्या बसवलेल्या असल्यामुळे तो बदलता येत नाही. म्हणून उलट बाजूने पडताळा घेतला. स्रोत ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर चालवला. त्या ऊर्जेला गॅमा १.११७ असल्याने ९० अंशांच्या वळणानंतर स्पिन ८०.५ अंशांवर पोहोचतो आणि आडवा भाग ०.९८६ पट असतो, म्हणजे तूट तीन टक्क्यांऐवजी दीड टक्क्याची होते. शर्मन फलनही त्या ऊर्जेचे वेगळे घेतले आणि चारही वर्ख पुन्हा मोजले. कमी ऊर्जेला अनेक धडकांचा परिणाम अधिक असल्याने व्यस्ताच्या आलेखाचा चढ बराच वाढला, पण बिंदू रेषेतच राहिले. ध्रुवण ०.८३ अधिक-उणे ०.०२ आले, आणि ते १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उत्तराशी जुळते.

डिटेक्टरची खालची ऊर्जा-मर्यादा शिखराजवळ आणण्याची स्थिरांक यांची सूचनाही करून पाहिली. ३५० नॅनोमीटरच्या वर्खाची असममिती त्यामुळे स्पष्ट वाढली आणि ५० नॅनोमीटरच्या वर्खाची जेमतेम हलली. शून्य जाडीचे उत्तर त्रुटीच्या मर्यादेत तेच राहिले. पुढच्या आठवड्यात २५ नॅनोमीटरचा वर्ख चाकावर बसवणार आहे. तो हाताळताना फाटला नाही, तर त्याचे आकडे इथेच लिहीन.